जर्मनीस गेलेला माफीनामा

अर्जदार : चामोर्शी येथील तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये सव्वीस वर्षांपासून बसणारा परवानाधारक अर्जनवीस. वय बावन्न. शिक्षण नववी पास.

जिच्यामुळे प्रकरण उद्भवले : अर्जदाराची एकुलती एक मुलगी, स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

जिच्यावर अन्याय झाला : जर्मनीतील एका कार्यालयात मुलीची वरिष्ठ असलेली बाई.

अन्याय करणारा : अर्जदार स्वतः.

घटनेचा काळ : धान कापून त्याच्या कडपा (मुठी) बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडल्या होत्या तेव्हापासून मोहफुले गळू लागली तोपर्यंत.

साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी. दोन, झेरॉक्सवाला, ज्याने सर्व फोन शेजारून ऐकले.

कोणाचेही नाव देण्यात आलेले नाही. तशी मुलीची अट आहे.

आता हकीकत. मी स्वतःविषयी थोडे लिहितो, कारण माझा धंदा समजल्याशिवाय माझी चूक समजणार नाही. या तालुक्यातल्या अर्ध्याअधिक घरांत माझ्या हातचा एखादा कागद पत्र्याच्या पेटीत सापडेल. वनहक्काचे दावे, सातबाऱ्यावरची चुकलेली नावे, निराधारांचे अर्ज, वाघाने नेलेल्या बैलाचे, रानडुकरांनी तुडवलेल्या धानाचे. परंतु ज्या कागदासाठी आल्लापल्लीपासूनची माणसे मला शोधत येत, तो कागद म्हणजे माफीनामा. शिक्षक, वनरक्षक, कोतवाल, अंगणवाडीच्या बाया, ज्यांना म्हणून कारणे दाखवा नोटीस आली, ते सरळ माझ्या शेडमध्ये येत. माझ्या माफीनाम्यावर पुढे कारवाई झाल्याचे मला एकही उदाहरण आठवत नाही. त्याचे शास्त्र असे आहे : चूक पूर्ण कबूल करावी, त्यापेक्षा थोडी जास्तच करावी, स्वतःस शक्य तितके लहान करावे, शिक्षा आपण होऊन मागावी. शिक्षा मागणाऱ्यास शिक्षा देताना साहेबाचा हात अडखळतो. तो कागदावर ‘समज देण्यात आली’ असे लिहितो आणि फाइल बंद होते. हे शास्त्र मला कोणी शिकविले नाही. माणसे आणि साहेब यांच्यामध्ये बसून मी ते गोळा केले.

मुलीची निवड झाल्याचे पत्र आले तेव्हा मी ते तीन वेळा वाचून घेतले. नागपूरच्या तिच्या कॉलेजने जर्मनीतील एका कार्यालयाशी करार केला होता. सहा महिने तिथे काम शिकायचे, त्यांनी पूर्णतेचे पत्र दिले म्हणजे वर्ष पूर्ण. ते कार्यालय लहानमोठ्या शहरांसाठी नाल्यांचे आणि पुराच्या पाण्याचे नकाशे काढून देते. आमच्या विहारात तिचा सत्कार झाला. सत्काराच्या सभेत मी चाळीस मिनिटे बोललो. पत्नी पहिल्या रांगेतून हाताने खाली बसण्याची खूण करीत होती, परंतु विषय मोठा होता.

आमच्याकडे साडेचार वाजले की तिकडे बारा वाजतात. मुलगी डबा उघडून फोन करी, आणि मी शेडमधली खुर्ची भिंतीकडे वळवून ऐके. तिच्या कार्यालयात चपराशी नव्हता. सर्वांत मोठा साहेब स्वतःची कॉफी स्वतः आणी आणि कप स्वतः धुई. सर्वजण एकमेकांस नावाने हाक मारीत, म्हाताऱ्या माणसासही. माझ्या मुलीच्या तोंडून नाव निघेना. ती आपल्या वरिष्ठ बाईस हाकच मारीत नसे. काही विचारायचे असल्यास तिच्या टेबलाशी जाऊन उभी राही आणि बाईने वर पाहण्याची वाट पाही.

“वर नाई पाहिलं त?” मी विचारले.

“त मी वापस येऊन बसतो,” ती म्हणाली. “एक दिवस चार वेळा वापस आलो, बाबा.”

ती बाई पन्नाशीची, चांगली. तिने पाचव्या वेळी मुलीस हाताला धरून शेजारी खुर्चीवर बसविले आणि पुढे ती खुर्ची तिथेच ठेवली. थंडी पडू लागली तेव्हा स्वतःचा जाड कोट आणून दिला. दोन रविवारी घरी जेवायला नेले. मुलीने तिला मोबाइलमध्ये आमच्या बांधीचे फोटो दाखविले, तेव्हा तिने विचारले म्हणे, पाणी इतके दिवस उभे ठेवता तर बांध फुटत कसा नाही? मला हा प्रश्न फार आवडला. नकाशे काढणाऱ्या माणसाला असाच प्रश्न पडायला हवा.

मग कडपा बांधीत असतानाच एका दुपारी मुलीचा आवाज बारीक झाला.

“बाबा, काल माह्याकडून चूक झाली.”

“केवढी?”

“एका गावच्या नगरपालिकेले नालीचा नकाशा पाठवाचा होता. मी जुनावाला पाठवून देल्ला.”

“मंग?”

“मंग काई नाई. बाईनं पाहिलं, नवा पाठवला. मले म्हणे, फाइलवर तारीख टाकत जा. अन् कॉफी आणाले गेली.”

“ओरडली नाई?”

“नाई ना. तेच त. रातभर झोप नाई लागली मले.”

मी फोन कानापासून दूर धरून झेरॉक्सवाल्याकडे पाहिले. त्याने मान हलविली. “भाऊ,” तो म्हणाला, “ओरडली नाई म्हणजे कागद वर गेला.”

माझेही मत तेच होते. सव्वीस वर्षांत मी जे पाहिले त्यावरून सांगतो : जो साहेब ओरडतो, तो संध्याकाळपर्यंत विसरतो. जो ओरडत नाही आणि चहा प्यायला निघून जातो, त्याची नोटीस तिसऱ्या दिवशी येते. मी मुलीस म्हटले, नोटीस येण्याच्या आधी आपला कागद पोचला पाहिजे. आधी पोचलेल्या माफीनाम्याची किंमत दुप्पट असते.

“बाबा, इथी असं नाई चालत.”

“कागद सगळीकडं चालते, बेटा. घे लिहून.”

ती घाबरलेली होती, हे मी तेव्हा माझ्या बाजूने धरले. मी मजकूर सांगितला आणि तिने लिहून घेतला. सदर चूक संपूर्णतः माझी एकटीची असून तीबाबत अन्य कोणाचाही दोष नाही. मी गरीब व मागास भागातील मुलगी असून माझी समज कमी आहे. याबाबत मला जी शिक्षा देण्यात येईल ती मला मान्य राहील. तथापि माझ्या आईवडिलांच्या तोंडाकडे पाहून मजवर दया करण्यात यावी. यापुढे वरिष्ठांस पुन्हा रागावण्याचा प्रसंग येऊ देणार नाही. शेवटी मी प्रत कोणाकोणास द्यायची ते सांगितले : एक त्या बाईच्या वरच्या साहेबास, एक कर्मचाऱ्यांचे काम पाहणाऱ्या विभागास. वर प्रत दिली की खालचा माणूस कागद दाबू शकत नाही. आणि एक साक्षीदार.

मुलगी प्रामाणिक आहे. तिने एकही शब्द न गाळता इंग्रजी केले. ब्राझीलहून आलेली दुसरी एक प्रशिक्षणार्थी मुलगी होती, तिची साक्षीदार म्हणून सही घेतली. सही करता करता त्या मुलीने विचारले म्हणे, “हा लग्नाचा कागद आहे का?”

त्यानंतर तीन दिवस फोन आला नाही. मी समजलो, काम झाले. झेरॉक्सवाल्याला चहा पाजला.

चौथ्या दिवशी साडेचारला फोन वाजला तेव्हा ती डबा खात नव्हती. कुठेतरी जिन्यात उभी होती, आवाज घुमत होता.

“बाबा, बाईले वरती बोलावलं होतं. दोनदा.”

“कायले?”

“तुमच्या कागदासाठी! त्यायनं तिले विचारलं, तू या पोरीसंग काय केलं? एका नकाशासाठी ते शिक्षा काऊन मागून राह्यली? दया काऊन मागून राह्यली? तू धमकावलं का तिले?”

“मी त कोणाचंच नाव घेतलं नाई.”

“नाई घेतलं म्हणूनच त!” ती म्हणाली आणि रडू लागली.

हा मुद्दा मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तक्रारीत ‘अज्ञात इसम’ लिहिले की जो जवळ सापडेल तो धरला जातो, हे मी स्वतः पक्षकारांना सांगत आलो आहे. ‘वरिष्ठांस पुन्हा रागावण्याचा प्रसंग येऊ देणार नाही’ या माझ्या वाक्यात वरिष्ठ एकच होती, आणि ती रागावलेलीच नव्हती.

“आता मले तिच्या खोलीत बसू देत नाई,” मुलगी सांगत होती. “चौकशी होईपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली टाकलं. तिच्याकडून सगळे शिकाऊ काढून घेतले. सकाळी जिन्यात भेटली त मान खाली घालून गेली, बाबा. तिचाच कोट होता माह्या अंगावर.”

“तू रडू नको. दुसरा कागद करू. प्रतिज्ञालेख करू, की सदर बाईविरुद्ध माझी कोणतीही...”

“नाई.”

“ऐकून त घे.”

“एक बी कागद नाई पायजे मले. परवा मले बोलावलं आहे. तिथी जाऊन मले तोंडानं बोलाचं आहे.”

“तोंडी बोलण्याले काई किंमत नसते, बेटा.”

“तुमच्या शेडात नसन,” ती म्हणाली. “अन् शपथ घ्या, त्या ऑफिसले तुमी काईच पाठवसान नाई. घ्या.”

मी शपथ घेतली. झेरॉक्सवाला दुसरीकडे पाहत होता.

शपथ घेतली तरी घरी गेल्यावर मी अंगणात पाट मांडून प्रतिज्ञालेखाचा मसुदा लिहायला बसलो. पाठवायचा नव्हता, परंतु तयार असावा. पत्नी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने बराच वेळ पाहिले.

“अजी, कोणाचं काम आहे ते?”

“पोरीचं.”

“तिनं सांगितलं का लिहाले?”

मी पुढची ओळ लिहू लागलो. ती सूप आपटत म्हणाली, “जिंदगीभर लोकांच्या तोंडचं तुमी लिहून देल्लं. ज्याले बोलता येत नाई त्याच्यासाठी ठीक आहे. माह्या पोरीले तोंड आहे. तिचं तिले बोलू द्या.”

“तुले नाई समजत ऑफिसचं.”

“ऑफिसचं नाई समजत. पण ते बाई रविवारी घरी बोलावून जेवू घालते, हे समजते. आपल्या तहसीलदारानं बोलावलं का तुमाले कदी जेवाले?”

मी मसुदा घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही, हे खरे ते लिहितो.

मुलीच्या बोलावण्याची वेळ तिकडची सकाळची दहा, म्हणजे आमची अडीच होती. त्या दिवशी दोन वाजता एक बाई अर्ज घेऊन बसली होती, चारपाच मैलांवरच्या गावची. रानडुकरांनी उशिराच्या धानाची बांधी नासविली होती. माझे लक्ष घड्याळाकडे होते. एरवी मी पक्षकाराचे दोन शब्द ऐकतो आणि पुढचे स्वतः लिहितो. त्या दिवशी हात चालेना, म्हणून म्हटले, बाई, तुमीच सांगा काय झालं ते.

“डुक्कर आले, भाऊ. खाल्लं कमी अन् लोळले जास्त. कोपऱ्यातलं धान उभंच आहे.”

मी तसेच लिहिले आणि वाचून दाखविले. कोपऱ्यातील धान उभे आहे. ती उठून उभी राहिली.

“हे काय लिहिलं, भाऊ? असं लिहून काई भेटन का? लोकं म्हणते तुमचा हात मोठा आहे म्हणून मी इथवर आलो. सगळं गेलं लिहा ना.”

मी कागद बदलला. संपूर्ण पीक नष्ट झाले असे लिहिले. तिचे चुकत होते असे मला आजही वाटत नाही. इथल्या कार्यालयात पूर्ण मागितल्याशिवाय अर्धे मिळत नाही. परंतु ते लिहीत असताना अडीच वाजले, आणि मला एकदम असे वाटले की माझी मुलगी या क्षणी एका टेबलासमोर बसली आहे, तिच्या हातात काहीही नाही, आणि जे घडले तेवढेच तिला सांगायचे आहे. मी तिला आयुष्यात तेवढे एक शिकविले नव्हते.

फोन चार वाजता आला. टेबलाशी तिघे होते आणि ती बाई, असे चारजण. मुलीने सांगितले की हा कागद माझ्या वडिलांनी सांगितला. ते कार्यालयांच्या बाहेर बसून असे कागद लिहितात. आमच्याकडे शिक्षा मागणे म्हणजे नमस्कार करण्यासारखे आहे, त्यात शिक्षा नसते. मी घाबरले होते, पण या बाईंना नव्हे. त्यांच्या खुर्चीला. आमच्याकडे खुर्चीलाच घाबरतात, तीवर कोण बसले आहे ते नंतर पाहतात. कर्मचारी विभागाच्या माणसाने विचारले, तुझे वडील वकील आहेत का? ती म्हणाली, नाही, वकिलांच्याही बाहेर बसतात. त्यावर तिघे हसले.

“अन् ते बाई?” मी विचारले.

“नाई हसली. तिनं एकच विचारलं. म्हणे, मी चार वेळा वर पाहिलं नव्हतं, त्याच्यानं झालं का हे?”

“तू काय म्हटलं?”

“म्हटलं, नाई. मलेच हाक मारता येत नव्हती. मंग सगळ्यायच्या समोर तिले नावानं हाक मारली, बाबा. पहिल्यांदा.”

चौकशी त्याच दिवशी थांबविण्यात आली. मुलीस पुन्हा त्या बाईच्या हाताखाली देण्यात आले. मी झेरॉक्सवाल्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, सही कुठं आहे?” कुठेच नव्हती. एका मुलीने तोंडाने सांगितले आणि चार माणसांनी ते खरे धरले, असे मी प्रथमच पाहिले, म्हणजे ऐकले.

मोहफुले गळू लागली त्या आठवड्यात मुलगी परत आली. पूर्णतेचे पत्र आणले. त्यात त्या बाईने तिच्या कामाविषयी सात ओळी लिहिल्या होत्या, सर्व चांगल्या. मी पत्राला प्लॅस्टिक चढवून आणले. विहारात दुसरा सत्कार ठरविण्याचे मी बोललो, ती नको म्हणाली. त्या दिवशी दुपारी ती आईसोबत अंगणात मोहफुले वाळत घालत होती, आणि मी सहज विचारले, रविवारी जेवायला मग किती वेळा गेलीस?

“नाई गेलो.”

“काऊन? बोलावलं नाई?”

“नाई.” ती फुले पसरत राहिली. “शिकवलं तिनं सगळं, बाबा. पयल्यापेक्षा जास्तच. चांगली बोले. पण मी तिच्या खोलीत गेलो की ते उठे अन् दार उघडं करून ठेवे. शेवटपर्यंत. थंडीत बी.”

“कोणी सांगितलं होतं का तिले?”

“मले काय माहीत. मी विचारलं नाई.”

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. तिला बोलायचे असते तेव्हा ती पाहते.

मुलगी म्हणते, प्रकरण संपले. माझा धंदा मला असे समजू देत नाही. मी ज्या शिक्षकांचे माफीनामे लिहिले त्यांच्या फाइली बंद झाल्या, हे खरे. परंतु बंद फाइलही कपाटात असते, आणि बढतीच्या वेळी कोणीतरी ती काढतो. माणूस चारचौघांना दिसावे म्हणून दार उघडे ठेवून बोलू लागतो तेव्हा त्याच्याविषयी कुठेतरी काहीतरी लिहिलेले असते, किंवा तसे त्याला वाटत असते. दोन्हीत मला फरक करता येत नाही. माझी मुलगी सुटली; पत्र मिळाले, वर्ष पूर्ण झाले. ती बाई कितपत सुटली, ते मला कळलेले नाही. कोट अजून आमच्या घरी खुंटीला आहे. मुलीने परत देऊ केला होता, बाईने घेतला नाही.

त्या कार्यालयास काहीही पाठविणार नाही अशी शपथ मी घेतलेली आहे आणि ती पाळीत आहे. सदर मजकूर कोणत्याही कार्यालयास पाठविलेला नाही. तो मराठी वाचकांसमोर ठेवला आहे. त्यांच्यापैकी कोणी त्या देशात असेल, आणि कोट देऊन बसलेली अशी एखादी बाई त्यास ठाऊक असेल, तर त्याने तो तिच्या भाषेत करून तिला वाचून दाखवावा.

सबब, बाई, आपणास विनंती की, माझ्या कागदामुळे आपल्या नावासमोर त्या कार्यालयात काही शेरा राहिला आहे किंवा कसे, एवढे एका ओळीने कळविण्यात यावे. राहिला नसल्यास तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे माझ्या घरातील तिघांस बरे वाटेल. राहिला असल्यास, त्यास कारण आपण नसून मी आहे, हे उपरोक्त हकीकतीवरून सिद्ध होत आहे. करिता सदर शेरा आपल्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा. अर्जदार रोज दहा ते पाच शेडमध्ये हजर असतो.